दौंडला गाडी फिरते

"याचं इंजिन कुठल्या बाजूला लागतं?" आईनं विचारलं आणि तो मुलगा गोंधळला. विशी-बाविशीचा असेल. लाल डगला, दंडाला पितळी बिल्ला, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, अशा हमालाच्या सोंगात आमच्या बॅगा उचलायला उभा केलेला. त्याच्याकडून पाठ करून घेतलेल्या उत्तरांत वायफायचा पासवर्ड होता, नाश्त्याची वेळ होती, गरम पाणी कधी येतं ते होतं. इंजिनाचं काही नव्हतं. "आजी, याला इंजिन नसतंय, हे कॉटेज हाय," तो शेवटी म्हणाला. आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. दाराच्या दांड्याला धरून ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "ते कळलं रे बाळा. पण डब्याला तोंड असेलच ना कुठल्या तरी बाजूला. उलटं बसलं की मला मळमळतं."

गोष्ट एवढीच. असल्या गोष्टी परतीच्या वाटेवर वडगाव यायच्या आत विसरायच्या असतात. पण तीन आठवडे झाले तरी ते वाक्य माझ्या मागे लागलंय. भाजी निवडताना, कोथरूडच्या सिग्नलला ताटकळताना, रात्री पाणी प्यायला उठल्यावर. आई काही विसराळू झालेली नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारा भलत्याच वाटेला लागेल. ऐंशीची आहे, दुधाचा हिशेब अजून तोंडी करते, आणि तो डबा जागचा हलणार नाही हे तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं विचारलं.

बेत नंदूचा. नंदू माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांनी लहान, आणि आमच्याकडे नवीन काहीही सुचलं की ते त्यालाच सुचलेलं असतं. आईचं सहस्रचंद्रदर्शन कसं करायचं यावर घरात दोन महिने चर्चा चालली होती. हॉल घ्यायचा की घरीच, गुरुजी कुठले, हजार वाती कोण वळणार, आणि एवढ्या माणसांना बोलावलं तर आत्याकडच्यांना कसं टाळणार. आईला यातलं काहीच नको होतं. "चंद्र मी बघितलेत, तुम्ही कशाला दमताय," असं ती म्हणाली आणि विषय संपला. मग नंदूला मोबाइलवर कुठलीशी जाहिरात दिसली. कामशेतच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी, रेल्वेच्या जुन्या डब्यात मुक्काम, व्हिंटेज अनुभव, दोन दिवस एक रात्र. आईला रेल्वे आवडते हे त्याला आठवत होतं. मलाही आठवत होतं, पण बुकिंग त्यानं केलं. दर आईला निम्माच सांगितला. तो निम्माही ऐकून ती म्हणाली, "एवढ्यात काशीला जाऊन येऊ की आपण. तेही चालत्या गाडीनं."

श्रावणातला शनिवार होता. खाचरांतली भाताची रोपं चांगली हातभर झालेली, विसापूरच्या माथ्यावर ढग बूड टेकून बसलेला, आणि त्या सगळ्या हिरव्यात गेरूच्या रंगाचा एक डबा एकटाच उभा. जवळ गेल्यावर कळलं की सजावटीत कसूर केलेली नाही. डब्याला लागून सिमेंटचा फलाट बांधलाय, कारण फलाट नसेल तर डब्याची पायरी किती उंच असते हे आडरानात गाडीतून उतरलेल्यालाच ठाऊक. फलाटावर पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या अक्षरांत त्या जागेचं नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. माझी भाची इरा त्याच्यावर टोला हाणून आली, आवाज अगदी खरा होता, पोटात खड्डा पडेल असा. डब्याखाली रूळही खरे होते, पण डब्यापुरतेच. दोन्ही टोकांना हातभर पुढे येऊन संपलेले. विसापूरच्या बाजूला रुळांपुढे कर्दळ लावली होती आणि दुसऱ्या बाजूला जनरेटरची पत्र्याची शेड होती.

कर्दळीपासून जनरेटरपर्यंत, एवढाच मार्ग.

आत पाऊल टाकल्याबरोबर मी नाकानं डबा शोधायला लागले. सापडेना. लॅव्हेंडरचा फवारा मारलेला होता आणि त्याच्याखाली नव्या प्लायवूडचा वास. माझ्या आठवणीतल्या डब्याला लोखंडाचा वास आहे, त्यात फिनाईल, संत्र्याची सालं, कुणाच्या तरी बाळाचं दूध, ओलं गोणपाट आणि पलीकडच्या बाकावरच्या आजोबांची तंबाखू. तो वास कुणालाच आवडायचा नाही आणि आता मात्र मी तो हुंगत फिरत होते. मधली सगळी बाकडी काढून दोन खोल्या केल्या होत्या. डबल बेड, एसी, काचेची न्हाणी, भिंतीवर वाफेच्या इंजिनाचं चित्र. खिडक्यांचे गज कापून तिथे अख्खी काच बसवलेली. 72 जण जिथे झोपायचे तिथे आम्ही पाच जण, आणि तरी बॅगा ठेवायला जागा नाही असं मेधाचं म्हणणं पडलं. भावजयीचं म्हणणं मी सहसा खोडत नाही.

फक्त विसापूरकडच्या टोकाला एक कप्पा त्यांनी होता तसा ठेवला होता. समोरासमोर दोन बाकं, वर बर्थ, जाळीतला काळा पंखा, आणि खिडकीला चार आडवे गज. मी त्या गजांना धरलं. रंगाचे थर इतके चढलेले की गज बोटांना मऊ लागत होते, पण खालच्या गजाला आतल्या बाजूनं, जिथे माणसं कोपर टेकतात तिथे, रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं. हात नाकाशी नेला. होता, वास होता. लहानपणी प्रवासभर कपाळ टेकवून बसायची तेव्हा कपाळावर काळी रेघ उमटायची आणि ओठ लावला तर जिभेवर पाच पैशाच्या नाण्यासारखी चव यायची. ओठ लावला म्हणून धपाटाही मिळायचा.

साखळीसुद्धा होती. इरानं ती आल्याआल्या ओढली. काहीच झालं नाही, आणि एवढं निराश झालेलं मूल मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तिथली सूचना मात्र कायम ठेवलेली, विनाकारण साखळी ओढल्यास 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. न्हाणीघराच्या दारावर जुनी पत्र्याची पट्टी सजावट म्हणून पुन्हा ठोकलेली, "गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये." नंदू ती वाचून म्हणाला, "म्हणजे आता पुण्यालाच जायचं का?" हा विनोद त्यानं दोन दिवसांत चार वेळा केला. पण खरं सांगू का, रात्री दिवा न लावता मी तिथे गेले तेव्हा क्षणभर हात कडीवर थांबला होता. सवयी कुठे कुठे दडून बसतात.

आणि व्हिंटेजचं म्हणाल तर, बाहेरून डब्याला नवा रंग दिला असला तरी तिरप्या उन्हात जुन्या आकड्यांची कड खालून वर आलेली दिसत होती. पहिले दोन आकडे 84. परत आल्यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं. काका घोरपडी यार्डात कॅरेजकडे होते, आता निवृत्त होऊनही वीस वर्षं झाली. ते म्हणाले, पहिले दोन आकडे म्हणजे डबा बनल्याचं साल. म्हणजे 1984. मी 1971 ची. डबा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान आणि तो व्हिंटेज, तर मग मी कोण? "मी तर मोहेंजोदडो," आई म्हणाली. काकांना मात्र विनोदात रस नव्हता. ते त्यांच्या डब्यात शिरले होते. पेरांबूरचा कारखाना 1955 साली निघाला, नमुना स्विस कंपनीचा, एकवीस मीटरहून थोडी जास्त लांबी, आणि त्या साच्याचे डबे थेट 2018 च्या जानेवारीपर्यंत निघत राहिले. "दर दीड-दोन वर्षांनी माटुंग्याला जायचं, सगळं खोलून पुन्हा बांधून यायचं. पंचवीस वर्षं झाली की कंडम." कंडम हा शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारला की मी विषय बदलला. मग तेच म्हणाले, "डब्यात राहायचं कौतुक तुम्हाला. आमच्याकडे लायनीवर काम करणाऱ्या गँगची माणसं महिनोन्महिने कंडम डब्यात राहायची. बायकापोरांसकट. त्याला आम्ही कॅम्पिंग कोच म्हणायचो. त्याचं कुणी भाडं मागितलं नाही, कारण कुणी दिलंच नसतं."

मग मी वाचत बसले, कारण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मला तिचं मूळ बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तर कॅम्पिंग कोच हाच शब्द इंग्लंडात सुट्टीसाठी होता. तिथल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं 1933 साली मोडीत निघालेले डबे खेड्यातल्या स्टेशनांच्या बाजूच्या रुळांवर नेऊन उभे केले, आत बिछाने आणि स्वयंपाकाची भांडी ठेवली आणि आठवड्याच्या भाड्यानं कुटुंबांना द्यायला सुरुवात केली. बघता बघता बाकीच्या कंपन्यांनीही तेच केलं. अट एकच, तिथवर गाडीनंच यायचं, तिकिटं काढून. मला ती अट फार आवडली. व्यापारी डोकं आहे, मान्य, पण त्यात एक बरं होतं की तो डबा स्टेशनात होता. समोरून खऱ्या गाड्या जायच्या, पाणी स्टेशनातून आणायचं, म्हणजे डबा थांबलेला असला तरी रेल्वेतच होता, पेन्शनीत निघालेला माणूस ऑफिसच्या कट्ट्यावर येऊन बसतो तसा. आमचा डबा ट्रेलरवर लादून आणलेला. खाचरांच्या बांधावरून तो वळणावर कसा वळवला असेल याचा विचार मी बरीच रात्र केला.

पण मी सांगत होते ते इंजिनाचं.

आईचं माहेर कोपरगावचं. दर मे महिन्यात अण्णा आम्हाला पुणे स्टेशनवर मनमाडकडच्या पॅसेंजरमध्ये बसवून द्यायचे आणि स्वतः कचेरीत जायचे. घर सोमवारात, स्टेशन हाकेच्या अंतरावर, रात्री यार्डातली शंटिंगची धडधड अंथरुणात ऐकू यायची. तरी त्या दिवशी टांगा व्हायचा, कारण सामान. ट्रंक, वळकटी, दशम्यांचा डबा, आंब्याची पाटी आणि फिरकीचा तांब्या. आणि टांग्यातच आमचं भांडण सुरू व्हायचं. खिडकीवरून नव्हे, ते लक्षात घ्या. समोरासमोर दोन खिडक्या, दोन मुलं, प्रश्न मिटला. भांडण पुढे तोंड कुणाचं, यावरून. इंजिनाकडे तोंड करून बसलं की सगळं आपल्याकडे येतं. पूल, फाटक, फाटकाशी थांबलेली बैलगाडी, येणारं स्टेशन. उलटं बसलं की सगळं आपल्याला सोडून जातं. आणि काही गाड्यांना तेव्हा अजून कोळशाचं इंजिन असायचं, तर पुढे तोंड करणाऱ्याच्या डोळ्यात कोळशाची कणीही जायची, पण ती आम्ही मानाची समजत होतो.

मी मोठी, मी भांडखोर. पुढचं तोंड दर वर्षी माझं. आई एकदाच डोळे वटारायची आणि निकाल द्यायची, "ती इकडे, तो तिकडे. आणि ज्याची जागा त्याची. मध्येच बदलायची नाही." मग ती माझ्याच बाकावर, माझ्या शेजारी बसायची, कारण उलटं बसलं की तिला मळमळायचं. नंदू समोर एकटा, सोडून जाणाऱ्या हडपसरकडे बघत. बाकं लाकडी पट्ट्यांची, फटीत ढेकूण. मधु दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी आणली, पण आमच्या पॅसेंजरपर्यंत ते दोन इंच यायला बराच उशीर झाला. उरुळी यायच्या आत पहिली दशमी सुटायची. शेंगदाण्याची चटणी, लिंबाच्या लोणच्याची फोड, आणि वर तांब्यातलं पाणी, त्याला पितळेची चव.

आणि मग दौंड यायचं.

पुण्याहून मनमाडच्या दिशेनं गेलेल्यांना हे सांगायला नको. मनमाडचा फाटा ज्या बाजूनं गाडी दौंडात शिरते त्याच बाजूनं थोडा मागे जाऊन वर सुटतो, म्हणजे, थांबा, हे मला आजही हातवारे केल्याशिवाय सांगता येत नाही. थोडक्यात, गाडी उलटी फिरते. इंजिन सुटतं, बाजूच्या रुळानं निवांत टोकाला जातं आणि शेपटाकडून लागतं. पुढचा डबा मागचा होतो. तोवर माणसं उतरून पाय मोकळे करतात, नळावर झुंबड उडते, आई खिडकीतून "लांब जाऊ नका" असं ओरडत राहते. मग मागून एक धक्का बसायचा, दोन डब्यांच्या मधलं लोखंड दातासारखं वाजायचं, आणि गाडी आल्या दिशेनं निघायची. म्हणजे आता नंदूचं तोंड पुढे आणि माझं मागे. ज्याची जागा त्याची. पुणे ते दौंड पाऊणशे किलोमीटर, आणि दौंड ते कोपरगाव त्याच्या दुपटीहून जास्त. हे गणित मला कळायला किती वर्षं लागली हे सांगायची लाज वाटते.

पण गणित वेगळं आणि खटकायचं ते वेगळं. धक्का बसला की आई उठायची. पदर खोचायची, तांब्या उचलायची, आणि समोरच्या बाकावर, नंदूच्या शेजारी जाऊन बसायची. मळमळ. दुसरं काही कारण नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलीला एवढंच दिसतं की दौंडला सगळं समोर जातं, पूल जातो, फाटक जातं, आईही जाते. नगर, राहुरी, बेलापूर, सगळी स्टेशनं मी पाठीनं पार केली आहेत. नंदू तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपायचा आणि पुढचं तोंड त्याच्या कामी येत नाही याचा मला आणखी राग यायचा.

शनिवारी संध्याकाळी हे सगळं त्या कप्प्यात निघालं. बाहेर पाऊस, फलाटावरच्या पत्र्यावर ताशा वाजत होता. कांदाभजी आली, चहा किटलीतून आला. तोंडाचा प्रश्न नंदूनं सोडवून टाकला होता, "आई, गाडी मुंबईकडे चाललीय, तू विसापूरकडे तोंड करून बस." ती बसली. आणि तो, पन्नाशी उलटलेला माणूस, टुणकन तिच्या शेजारी बसला. मी समोर. मी काही बोलले नाही. या वयात काय बोलणार? पण भजी खाता खाता तो मेधाला सांगायला लागला की लहानपणी ताई दर वेळेला पुढची जागा बळकवायची आणि मी बिचारा उलटा बसून कोपरगावपर्यंत जायचो. मी म्हटलं, कोपरगावपर्यंत? अरे, दौंडपर्यंत. दौंडनंतर तुझंच तोंड पुढे. तो म्हणाला, छे, गाडी कधी फिरायची? मला नाही आठवत. मी म्हटलं, तू झोपायचास! मेधा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. शेवटी त्यानं नकाशा काढला आणि मान्य केलं, पण अर्धवटच, कारण नकाशात दौंडच्या बाहेरून वळवून नेणारा नवा कॉर्ड मार्गही दिसत होता. "बघ, फिरत नाहीत गाड्या." आता नाही फिरत रे, बऱ्याचशा. तेव्हा फिरायच्या. मी आईकडे पाहिलं, साक्षीला. ती भज्यातला कांदा बाजूला काढत होती. "थंड होतंय, खा," म्हणाली.

तिनं मुद्दाम केलं होतं का? म्हणजे, भांडखोर पोरीला पुण्यात जिंकू द्यायचं, आणि दौंडला गाडीच न्याय करेल असं धरून बसायचं? विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की समोरचा माणूस बरं वाटेल असं उत्तर देतो, आणि मग ते उत्तर घेऊन काय करायचं.

रात्री आईनं डबल बेड नाकारला. "एवढं भाडं भरलंय तर बर्थवरच झोपते." तिनं खालचा बर्थ घेतला, विसापूरकडे तोंड होतं तोच. मी समोरच्यावर, वर इरा. एसी नको म्हणाली, म्हणून जाळीतला पंखा लावला, तो एका फेरीला एकदा कट असं वाजायचा. मधल्या टेबलावर फिरकीचा तांब्या. तोच. तिनं तो पिशवीत घालून आणला होता हे मला तोवर माहीत नव्हतं. पाण्यासाठी तिथे काचेच्या बाटल्या होत्या, लेबल लावलेल्या, तरी तिनं तांब्या भरला आणि फिरकी घट्ट लावली. दूरवर कामशेतच्या बाजूनं मधूनमधून खऱ्या गाडीचा भोंगा यायचा आणि मग पावसात विरघळणारी लांबलचक धडधड. सोमवारातल्या अंथरुणात यायची तशी. झोप कधी लागली ते कळलं नाही.

तीनच्या सुमाराला वीज गेली असावी. पंखा थांबला, आणि पाठोपाठ शेडमधला जनरेटर सुरू झाला. आवाज फारसा नव्हता, पण डबा थरथरायला लागला. अगदी बारीक. पाठीखालच्या फळीतून, गजांतून, आणि टेबलावर तांब्याची फिरकी किणकिण करायला लागली. अर्धवट झोपेत मला वाटलं गाडी निघालीय. समोरून आईचा आवाज आला, झोपेतला की जागा ते कळेना.

"कुठलं स्टेशन आलं गं?"

आणि मी म्हणाले, "दौंड."

का म्हणाले, कुणाला ठाऊक. जनरेटर आहे, झोप, असं म्हणता आलं असतं. थोडा वेळ फक्त फिरकी वाजत राहिली. मग ती म्हणाली, "फिरली का गाडी?"

"फिरतेय."

"मग आता भांडू नका," ती म्हणाली आणि कूस वळवली.

मी नंतर बराच वेळ जागी होते. वरती इराचा हात बर्थच्या बाहेर लोंबकळत होता, तो आत ठेवला. खिडकीची काच वर केली, तर भाताचा ओला वास आत आला आणि पावसाचे चार थेंब मनगटावर. खालच्या गजावर, जिथे रंग उडालाय तिथे, मी अंगठा फिरवत बसले. या जागेवर किती माणसांनी कोपर टेकलं असेल. त्यांतली निम्मी उलटी बसली असतील, गणितानंच.

सकाळी तो कालचाच मुलगा चहा घेऊन आला. डगला नव्हता, साधा टी-शर्ट. ड्यूटी आठला सुरू होते म्हणाला, तोवर डगला घालायचा नाही. घामट आहे तो. गाव पलीकडचंच, भाताचं खाचरही दाखवलं त्यानं बोटानं. रेल्वेनं कुठवर गेलास असं विचारलं, तर म्हणाला लोकलनं पुण्यापर्यंत, आणि एकदा उभ्यानं कर्जत. मी तोंड धुऊन, पाटीजवळ उगीच जरा रेंगाळून, परत डब्यात आले. नंदूच्या खोलीतून घोरणं येत होतं. इरा वर पालथी.

आई उठून बसली होती. पण तिच्या बाकावर नव्हे. माझ्या. माझी चादर चौकोनी घडी करून कडेला ठेवलेली, तांब्या उचलून स्वतःच्या बाजूला घेतलेला, आणि विसापूरकडे पाठ करून ती खिडकीतून बाहेर बघत होती. पाऊस थांबला होता. तिच्या मागे, गजांच्या चार फटींत, अख्खा किल्ला धुऊन काढल्यासारखा उभा होता, आणि तिच्या समोर पत्र्याची शेड, डिझेलचे दोन कॅन आणि पाण्याची काळी टाकी.

"अगं, डोंगर इकडून दिसतोय," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "उलटं बसलं की मला मळमळतं."

मग ती थोडी आत सरकली. मी चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघी टाकीकडे बघत राहिलो.